रिगखाली मासे वाढतात की नुसते जमतात?

नाशिकला समुद्र नाही, मग समुद्रातल्या तेलाच्या रिग आणि पवनचक्क्यांवर तू एवढं का वाचत बसतेस असं घरचे विचारतात. त्यांना मी नकाशा दाखवते. आपली गोदावरी ब्रह्मगिरीवरून निघते आणि आंध्रात जिथे समुद्राला मिळते त्याच्या समोरच केजी बेसिन आहे, कृष्णा-गोदावरी खोरं, तिथे २००२ मध्ये खोल समुद्रात मोठा गॅस सापडला आणि २००९ पासून तो निघतोय. आणि आपल्याच जिल्ह्यात कळवणच्या बाजूला उगम पावणारी गिरणा पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते, तापी सुरतजवळ समुद्रात जाते, आणि त्याच समुद्रात ताप्ती नावाचं गॅस फील्ड होतं आणि त्याच गुजरातच्या किनाऱ्यासमोर आता पवनचक्क्या उभ्या करायचं ठरलंय. म्हणजे नाशिक जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन्ही बाजूंनी शेवटी अशाच ठिकाणी पोचतो. आणि भद्रकालीत जी सुरमई आणि बोंबील आपण घेतो ते काही गंगापूर धरणातले नसतात.

पण खरं कारण माझा मावसभाऊ. तो मुंबई हायवर, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, कॉन्ट्रॅक्टवर आहे, १४ दिवस काम १४ दिवस सुट्टी, जुहूवरून हेलिकॉप्टरने जातो. सुट्टीत नाशिकला आला की आमचं ठरलेलं भांडण होतं. मी म्हणणार की अरे दादा तुम्ही तिथे समुद्राचं वाटोळं केलंय, तो म्हणणार अगं तू येऊन बघ, आमच्या खाली जेवढे मासे आहेत तेवढे तुला अख्ख्या कोकणात दिसणार नाहीत. रात्री प्लॅटफॉर्मचे दिवे पाण्यावर पडतात तिथे आधी बारीक मासळी येते, मग तिच्यामागे मोठे येतात, पाणी अक्षरशः उकळल्यासारखं दिसतं म्हणे. फोटो नाही, कारण फोन वर न्यायची परवानगीच नसते, गॅसचं ठिकाण आहे. पण तो खोटं बोलणारा माणूस नाही आणि मी जेवढं वाचत गेले तेवढं लक्षात आलं की त्याला जे दिसतं ते जगभरच्या लोकांना दिसलंय, प्रश्न एवढाच आहे की त्याचा अर्थ काय लावायचा.

आधी हे होतं कसं ते सांगते. मुंबई हाय किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर, तेल सापडलं १९७४ ला सागर सम्राट रिगने खोदलं तेव्हा, उत्पादन १९७६ पासून. पाणी ७५-८० मीटर खोल आणि तळ बहुतेक मऊ, गाळ-वाळूचा. अशा तळावर शिंपले, कालवं, प्रवाळ यांना चिकटायला काही नसतं, त्यांची पिल्लं पाण्यात तरंगत येतात आणि कडक पृष्ठभाग मिळाला नाही की मरतात. तिथे तुम्ही लोखंडी पायांचा सांगाडा उभा केला, त्याला जॅकेट म्हणतात, तळापासून पाण्याच्या वर येईपर्यंत नुसते पाइप आणि आडव्या-तिरक्या पट्ट्या. थोड्याच दिवसात त्यावर बुळबुळीत थर बसतो, मग बार्नॅकल, म्हणजे कवच असलेले चिकटून राहणारे छोटे जीव, मग शिंपले, स्पंज, त्यांच्या फटीत खेकडे आणि कोळंबीची पिल्लं, ती खायला छोटे मासे, मग मोठे. वर उजेड असतो तिथे वेगळे जीव, खाली अंधारात वेगळे. दादा सांगतो की हा थर इतका जाड होतो की डायव्हर लोकांना पाठवून तो खरवडावा लागतो, कारण त्याने पायाची जाडी वाढते आणि लाटांचा मार जास्त बसतो. खरवडलेले शिंपले खाली पडतात. कॅलिफोर्नियात तर प्लॅटफॉर्मखाली अशा पडलेल्या शिंपल्यांचे मोठे ढीग झालेत आणि त्या ढिगांवरही वेगळे मासे राहतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्लॅटफॉर्मच्या भोवती ५०० मीटरचं सेफ्टी झोन असतं, तिथे मासेमारीच्या बोटींना बंदी. म्हणजे ट्रॉलरचं जाळं तिथला तळ खरवडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की रिगखालच्या माशांचं बरंचसं श्रेय लोखंडाला देतात ते खरं या बंदीला द्यायला पाहिजे.

आता मूळ प्रश्न. हे मासे तिथे जन्मले, वाढले, की आजूबाजूचे होते तेच येऊन गोळा झाले? गोळा झाले असतील तर समुद्रात एकही मासा वाढला नाही, उलट ते एका जागी सापडायला लागले म्हणून पकडायला सोपे झाले. शास्त्रज्ञ यावर कित्येक दशकं भांडतायत, आणि जिथे नीट मोजलंय तिथे उत्तर जागेनुसार आणि माशानुसार बदलतं.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये तिथल्या १६ प्लॅटफॉर्मचा अभ्यास प्रसिद्ध झाला, जेरेमी क्लेस आणि मिल्टन लव्ह वगैरे मंडळींचा, छोट्या पाणबुडीतून कित्येक वर्षं मासे मोजून केलेला. तळाच्या दर चौरस मीटरमागे माशांचं जे वजन दरवर्षी नवीन तयार होतं ते तिथल्या नैसर्गिक खडकाळ जागांपेक्षा २७ पट निघालं. हा आकडा दादाला सांगितला तर तो टाळ्या वाजवेल म्हणून लगेच पुढचं पण सांगते. प्लॅटफॉर्म हा उभा आहे, तळापासून वरपर्यंतचे सगळे मासे तळाच्या तेवढ्याशा जागेवर भागले की आकडा मोठा येणारच. पण तरीही, तिथे पिल्लं खरोखर येऊन बसतात आणि तिथेच वाढतात हे दिसलंय. बोकाचिओ नावाचा एक रॉकफिश आहे, अति मासेमारीने खूप कमी झालेला, त्याची सगळीकडे मिळून दरवर्षी साधारण जेवढी पिल्लं जगतात त्याच्या २० टक्क्यांइतकी पिल्लं एका वर्षी फक्त आठ प्लॅटफॉर्मवर सापडली, हा २००६ चा अभ्यास. हे नुसतं जमणं नाही, ही वाढच आहे.

आणि दुसरीकडे मेक्सिकोचं आखात. तिथला रेड स्नॅपर मासा प्लॅटफॉर्मच्या भोवती भरपूर असतो, हौशी मासेमार बोटी घेऊन थेट तिथेच जातात. तिथे वाद अजून मिटलेला नाही, कारण लहान स्नॅपर चिखल-वाळूच्या तळावर वाढतो आणि थोडा मोठा झाला की प्लॅटफॉर्मकडे येतो, म्हणजे प्लॅटफॉर्मने तो जन्माला घातला असं म्हणता येत नाही, पण तिथे आल्यावर तो जास्त जगला की जास्त मारला गेला हे मासेमारी किती होते त्यावर ठरतं. तिथे १९८० च्या दशकापासून जुने प्लॅटफॉर्म आडवे पाडून किंवा वरचा भाग कापून तळावर सोडायची योजना आहे, ५०० पेक्षा जास्त सांगाडे असे कृत्रिम खडक म्हणून ठेवलेत. कंपनीचा काढून न्यायचा खर्च वाचतो आणि त्या बचतीचा साधारण अर्धा भाग राज्याला मिळतो. म्हणून हे माशांसाठी केलं असं कोणी सांगितलं तर हिशोबाची ही बाजू पण डोक्यात ठेवायची.

माझ्यासाठी सगळ्यात जबरदस्त गोष्ट कतारची आहे, आणि ती आपल्या जवळची पण आहे. कतारच्या किनाऱ्यापासून साधारण ९० किलोमीटरवर अल शाहीन नावाचं तेलक्षेत्र आहे. उन्हाळ्यात तिथे व्हेल शार्क गोळा होतात, एका वेळी १०० पर्यंत! जगातला सगळ्यात मोठा मासा, तोंड उघडं ठेवून पृष्ठभागावरून संथ फिरतोय आणि मागे तेलाचा प्लॅटफॉर्म. ते तिथे येतात ट्यूना जातीच्या छोट्या माशांची अंडी खायला, ते मासे तिथे रात्री अंडी सोडतात आणि सकाळी त्या अंड्यांचा थर पाण्यावर असतो. याची माहिती पहिल्यांदा मिळाली ती तिथे काम करणाऱ्या लोकांनी काढलेल्या फोटोंमधून, आणि मग २०१३ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. तेलक्षेत्र असल्यामुळे तिथे मासेमारी आणि बाहेरच्या बोटींवर बंधनं आहेत. एका बाजूने ते खरंच त्यांचं सुरक्षित ठिकाण झालंय, आणि दुसऱ्या बाजूने तिथे एकदा जरी मोठी गळती झाली तर जगातल्या एवढ्या व्हेल शार्कवर एकाच दिवशी संकट. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि मला यातलं एकही सोडायचं नाहीये.

हाच मासा गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर येतो. आधी तिथे त्याची शिकार व्हायची, यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी. २००१ मध्ये त्याला वाघाच्या बरोबरीचं कायद्याचं संरक्षण मिळालं आणि नंतर २००४ पासून मोरारी बापूंनी गावोगावी सांगितलं की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तिला कोणी मारतं का, आणि वेरावळच्या मच्छीमारांनी स्वतःची महागडी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. आणि आता त्याच गुजरातच्या समुद्रात पवनचक्क्या येणार आहेत. २०२४ च्या जूनमध्ये केंद्राने १००० मेगावॉटसाठी ७४५३ कोटींची योजना मंजूर केली, ५०० गुजरातसमोर आणि ५०० तमिळनाडूसमोर. मी पवनचक्क्यांच्या विरोधात अजिबात नाही, कोळसा जाळून समुद्र तापवत राहणं हे प्रवाळांसाठी कुठल्याही खांबापेक्षा वाईट आहे. पण खांब ठोकायची पद्धत महत्त्वाची आहे.

कारण समुद्रातल्या जनावरांना सगळ्यात जास्त त्रास खांब उभा असताना नाही, तो ठोकताना होतो. भलामोठा लोखंडी पाइप हातोड्याने तळात ठोकतात, तासन्‌तास, एकेक ठोका पाण्यातून किलोमीटरच्या किलोमीटर जातो. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह विंडफार्मपाशी पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनचा छोटा भाऊबंद, त्याचा आवाज पाण्याखालच्या मायक्रोफोनने टिपला तर ठोकाठोकीच्या काळात १७-१८ किलोमीटरपर्यंत ते गायब होत होते. हे प्राणी आवाजावरच जगतात, अंधाऱ्या पाण्यात मासा कुठे आहे ते आवाजानेच कळतं. काम संपल्यावर काय झालं ते जागोजागी वेगळं. हॉलंडच्या एका विंडफार्ममध्ये नंतर पॉरपॉइज आधीपेक्षा जास्त दिसायला लागले, डेन्मार्कच्याच निस्टेडला मात्र ते कित्येक वर्षं पूर्वीसारखे आलेच नाहीत. एकच प्राणी, जवळपासचाच समुद्र, आणि निकाल उलटे. म्हणून परदेशातला एखादा अहवाल उचलून गुजरातला चिकटवता येत नाही.

यावर उपाय पण आहे आणि तो फार सुंदर आहे. खांबाभोवती तळावर भोकं पाडलेला पाइप गोल अंथरतात आणि त्यात जोरात हवा सोडतात, बुडबुड्यांची भिंतच उभी राहते आणि आवाज त्या भिंतीत बराचसा अडकतो. जर्मनीत तर नियम आहे, ठोकण्याच्या जागेपासून ७५० मीटरवर एका ठोक्याचा आवाज १६० डेसिबलच्या वर जायला नको, पाण्याखालच्या मोजपट्टीने. नियम आला म्हणून कंपन्यांनी बुडबुड्यांचे पडदे सुधारले. आपल्याकडे पहिला खांब ठोकायच्या आधी असा आकडा कायद्यात पाहिजे, नंतर नाही.

आणि आपल्या समुद्रात कोण आहे ते बघा. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात हंपबॅक डॉल्फिन आणि फिनलेस पॉरपॉइज आहेत, सिंधुदुर्गात पर्यटक बोटीतून बघतात ते डॉल्फिन हेच. शिवाय अरबी समुद्रातला हंपबॅक व्हेल, जो बाकी जगातल्या हंपबॅकसारखा ध्रुवाकडे जातच नाही, बारा महिने इथेच असतो, ओमानच्या बाजूला त्यांची संख्या १०० च्या आत असल्याचा अंदाज आहे. लुबान नावाच्या मादीला ओमानजवळ सॅटेलाइट टॅग लावला होता तर ती समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत येऊन परत गेली. म्हणजे तमिळनाडूसमोर जे ठरवलं जाईल त्याचा संबंध ओमानच्या व्हेलशी येऊ शकतो. संख्या एवढी कमी असताना प्रत्येक जनावर मोजलं पाहिजे.

इथे एका व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डबद्दल बोलते, आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर पण तो आला होता, की अमेरिकेत पवनचक्क्यांमुळे व्हेल मरून किनाऱ्यावर येतायत. अमेरिकेची सरकारी संस्था नोआ याचा तपास करते आणि पवनचक्क्यांसाठीच्या सर्वेक्षणामुळे एकही मोठा व्हेल मेल्याचा पुरावा त्यांना मिळालेला नाही. तिथे हंपबॅक जास्त मरायला लागले ते २०१६ पासून आणि ज्यांचं शवविच्छेदन झालं त्यातल्या साधारण ४० टक्क्यांमध्ये जहाजाची धडक किंवा दोरी-जाळ्यात अडकल्याच्या खुणा होत्या. असे फॉरवर्ड खऱ्या प्रश्नाचं नुकसान करतात, कारण मग आवाजाबद्दल कोणी खरं काही बोललं तरी लोकांना तेही फॉरवर्डच वाटतं.

उभ्या पवनचक्क्यांचा फायदा घेणारे पण आहेत. २०१४ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या डेबी रसेल आणि सहकाऱ्यांनी सीलना लावलेल्या जीपीएसच्या खुणा छापल्या, तो नकाशा नक्की शोधून बघा. सील एका पवनचक्कीकडून सरळ रेषेत दुसरीकडे, तिथून तिसरीकडे असा जातो, अख्खी जाळी कागदावर उमटलीये. प्रत्येक खांबाशी थांबून तो शिकार करत असणार असाच अर्थ त्यांनी लावला. सगळे सील असं करत नाहीत, थोडेच करतात, पण जे शिकले ते पुन्हा पुन्हा तिथेच येतात.

पक्ष्यांचं मात्र मला खरंच वाईट वाटतं, मी मुळात पक्षी बघणारी, नांदूर मध्यमेश्वरला चापडगावच्या मनोऱ्यावर हिवाळ्यातल्या सकाळी दुर्बीण घेऊन बसणारी. दादाने एकदा सांगितलं की पावसाळा संपला की कधीकधी प्लॅटफॉर्मच्या रेलिंगवर एखादा छोटा पक्षी येऊन बसतो, इतका दमलेला की माणूस जवळ गेला तरी उडत नाही. मी विचारलं शेपूट कशी होती, तो म्हणाला सारखी वरखाली हलवत होता. धोबी! जो आपल्याकडे गोदाकाठी घाटावर तुरुतुरु पळत असतो तोच, १६० किलोमीटर आत समुद्रात लोखंडी रेलिंगवर. एका पोराने झाकणात पाणी ठेवलं, तो प्यायला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हता. त्याच्यासाठी प्लॅटफॉर्म आधार झाला. पण ढगाळ रात्री हेच दिवे आणि गॅसची ज्योत स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना ओढून घेतात, ते गोल गोल घिरट्या घालत राहतात, दमतात, आपटतात, काही ज्योतीत जळतात. हॉलंडच्या समुद्रात एका प्लॅटफॉर्मवर २००७ मध्ये नेहमीच्या दिव्यांऐवजी हिरवट दिवे लावून बघितले तर घिरट्या घालणारे पक्षी बरेच कमी झाले. दिवे बदलायचे फक्त! दरवर्षी नोव्हेंबरच्या आसपास अमूर ससाणे महाराष्ट्रावरून जाऊन अरबी समुद्र ओलांडतात, त्यांच्या वाटेच्या आसपास असलेल्या प्लॅटफॉर्मवर हे करून बघायला काय हरकत आहे.

तेलगळतीवर मी थोडक्यात लिहिते कारण ते सगळ्यांना माहीत आहे. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर हॉरायझन रिगवर स्फोट झाला, ११ माणसं गेली, ८७ दिवस तेल वाहत होतं, आणि बाराटारिया खाडीतल्या डॉल्फिनना नंतर फुफ्फुसाचे आजार आणि पिल्लं न जगणं हे कितीतरी वर्षं चालू राहिलं. रिगखाली कितीही मासे असले तरी हे वजा करूनच बोलायचं. आणि तेल शोधताना हवेच्या तोफांचे धमाके करतात त्याबद्दल, ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये १.२ किलोमीटरपर्यंत सूक्ष्म प्राणी मेलेले सापडले होते, नंतर नॉर्वेच्या अभ्यासात परिणाम जेमतेम १० मीटरपर्यंतच दिसला, म्हणजे तो वाद अजून चालू आहे. आणखी एक, ब्राझीलमध्ये परदेशी नारिंगी प्रवाळ प्लॅटफॉर्मला चिकटून आलं आणि तिथल्या खडकांवर पसरून स्थानिक जीवांना हटवतंय. सांगाड्यावर काहीतरी उगवलंय एवढ्यावर खूश व्हायचं नाही, काय उगवलंय ते बघायचं.

शेवटी प्रश्न येतो जुने झाले की काढायचे का. युरोपात १९९५ ला ब्रेंट स्पारवरून प्रचंड आंदोलन झालं, ती तेलाची टाकी खोल समुद्रात बुडवायची होती, लोकांनी होऊ दिली नाही आणि १९९८ मध्ये नियमच झाला की थोडे अपवाद सोडले तर सगळं काढून न्यायचं. आणि गंमत बघा, पुढच्याच वर्षी त्याच ब्रेंट स्पारवर थंड पाण्यातलं लोफेलिया प्रवाळ वाढलेलं सापडल्याचं छापून आलं. आपल्याकडे ताप्ती फील्डचे सांगाडे काढून झाल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं, देशातलं असं पहिलं काम. मुंबई हायला तर आता ५० वर्षं झाली, तिथेही आज ना उद्या हा प्रश्न येणारच.

माझं म्हणणं असं आहे की सगळं काढा किंवा सगळं राहू द्या असा एकच नियम नको. प्रत्येक जॅकेटखाली आधी उतरून बघा, कोण राहतंय, पिल्लं आहेत का, परदेशी जात आहे का, तळात तेलाचा गाळ किती, आणि मग ठरवा. पण सांगाडा ठेवला आणि ५०० मीटरची बंदी उठवली तर तो ट्रॉलरवाल्यांसाठी तयार सापळा होईल, त्यामुळे ठेवायचा तर बंदीसकट ठेवा, आणि ती बंदी कोळी बांधवांशी बोलून ठरवा कारण जागा त्यांचीच जाते. आणि पवनचक्क्यांच्या बाबतीत, काम सुरू व्हायच्या आधी निदान दोन-तीन वर्षं, पावसाळा सोडून सगळ्या ऋतूत, जिथे चक्क्या येणार तिथे आणि जिथे येणार नाहीत अशा तसल्याच समुद्रात, दोन्हीकडे एकाच पद्धतीने मोजणी करा. दोन्हीकडे मोजलं नाही तर नंतर मासे कमी झाले ते चक्कीने की गरम पाण्याने की ट्रॉलरने हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि मग जो तो आपल्याला पाहिजे ते सांगेल.

कतारमध्ये सुरुवात कामगारांच्या फोटोंनी झाली हे मी दादाला सांगितलं. फोन नसला तरी वही आहेच. मी त्याला एका पानाचा तक्ता करून दिलाय, तारीख, वेळ, काय दिसलं, किती, कुठल्या दिशेला जात होतं, समुद्र शांत होता की नाही, आणि काहीच दिसलं नाही तर तेही लिहायचं, कारण न दिसणं पण मोजणीच आहे. त्याच्या शिफ्टमधला एक गुहागरचा पोरगा पण लिहायला तयार झालाय आणि त्याला माशांची नावं दादापेक्षा जास्त माहीत आहेत. नाशिक-सिन्नरकडची बरीच पोरं ऑफशोअरला आहेत, तुमच्या घरातलं कोणी असेल तर मला सांगा, तक्ता पाठवते.